वरचा कोण, खालचा कोण: फरक्कावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नागपूरकर भाऊ (नाव दिलं नाहीत, सही अशीच केलीत, म्हणून तेच म्हणतो),

फरक्का बॅरेजपाशी येणारं पाणी भारत-बांगलादेशात वाटणाऱ्या गंगा कराराबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुमची भलीमोठी प्रतिक्रिया वाचली. लेखात मी लिहिलं होतं ते एवढंच: भारत-बांगलादेश कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते, तेव्हा नवा करार करताना टंचाईच्या वर्षाचा नियम आधी लिहा, वाटे मग ठरवा. यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. नदी आपल्या देशातून जाते, पाणी आपलं. खालच्याला किती सोडायचं ते आपण ठरवू, सिंधूचं बंद केलं तसं हेही करता येईल. आणि मी नागपुरात बसून परक्यांची वकिली करतोय, आधी इथल्या नळाचं बघावं.

तर इथल्या नळापासूनच सुरू करू.

जुलै २०१९ आठवतोय ना? नागपूरला पाणी देणारं पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण मृत साठ्यावर (म्हणजे अगदी तळाच्या पाण्यावर) आलं आणि महापालिकेने बुधवार, शुक्रवार, रविवार असं आठवड्यातून तीन दिवस पाणी बंद केलं. आमच्या गल्लीत पाणी यायच्या दिवशी पहाटे चार वाजल्यापासून नळाचं पाणी ओढणाऱ्या टिल्लू पंपांची घरघर सुरू व्हायची. पाइप जिथून गल्लीत शिरतो तिथल्या दोन घरांनी पंप लावला की टोकाच्या घरांना नुसती हवा. टोकाच्यांनी तक्रार केली, तर उत्तर ठरलेलं: ‘आमच्या घरापुढून पाइप जातो, आम्ही आमच्या नळाला काहीही लावू.’ तुमच्या प्रतिक्रियेतलं पहिलं वाक्य मला ओळखीचं वाटलं ते यामुळे.

त्या उन्हाळ्यात शहरभर एकच बोललं जायचं, ‘एमपीवाल्यांनी पेंच अडवली.’ अडवली होती, खरं आहे. छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण झालं आणि पेंचचा येवा आधी तिथे भरू लागला. पण १९६४ च्या करारात पेंचच्या पाण्यातलं ३५ टीएमसी (अब्ज घनफूट) मध्य प्रदेशचं आणि ३० टीएमसी महाराष्ट्राचं असं ठरलेलंच होतं. त्यांच्याकडे साठवायला धरण नव्हतं तोवर त्यांच्या वाट्याचंही बरंच पाणी खाली तोतलाडोहात येत राहिलं आणि आपण ते आपलंच समजून शहर वाढवलं, कालवे वाढवले. त्यांनी हक्काचं पाणी अडवायला सुरुवात केली तेव्हा आपल्याला वाटलं, लुटलं. पुढे सप्टेंबरात धोधो पाऊस झाला, तोतलाडोहाचे दरवाजे उघडावे लागले आणि विषय संपला. म्हणजे लोकांच्या बोलण्यातून संपला. कन्हानचं पाणी बोगद्यातून तोतलाडोहात आणायची जामघाटची योजना तेवढी निवडणुकीच्या आसपास डोकं वर काढते.

आता तुमचा नियम इथे लावून बघा. नदी ज्याच्या हद्दीतून आधी जाते, पाणी त्याचं. मग चौराईच्या शेतकऱ्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार उरतो? आणि भंडाऱ्याच्या लोकांनी आपल्याला काय म्हणावं? त्यांच्यासाठी तर आपण वरचे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. ‘आमच्या शहरातून जाते, आमची नदी’ हे वाक्य पवनीच्या घाटावर उभं राहून म्हणून दाखवा.

यावर तुम्ही म्हणाल (प्रतिक्रियेच्या मध्ये म्हटलंच आहे) की हे घरातलं भांडण, देशाबाहेरच्याशी त्याची तुलना कशाला. बरोबर, फरक आहे, पण तो तुमच्या बाजूने जात नाही. राज्याराज्यांत वाद झाला तर १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आहे, लवाद आहे, वर सर्वोच्च न्यायालय आहे. कावेरीचा लवाद १९९० मध्ये नेमला, निवाडा २००७ मध्ये आला, न्यायालयाचा शेवटचा शब्द २०१८ मध्ये. पिढी गेली, पण दार ठोठावायला जागा होती. दोन देशांत असं दार आपोआप नसतं. कागदावर जे लिहून घेतलं तेवढंच. म्हणून तिथला कागद जास्त काळजीने लिहावा लागतो.

आता फरक्का, पश्चिम बंगालमध्ये बांगलादेशच्या सीमेजवळ गंगेवर घातलेला बांध. १९७५ मध्ये हा बॅरेज सुरू झाला तो गंगेचं पाणी फीडर कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवून कोलकाता बंदरातला गाळ हटवायला. कालव्याची क्षमता ४० हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला ४० हजार घनफूट. पावसाळ्यात गंगेत इतकं पाणी असतं की हा आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही. भांडण आहे १ जानेवारी ते ३१ मे या पाच महिन्यांचं, त्यातही मार्च-एप्रिलचं.

१२ डिसेंबर १९९६ ला देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सही केलेल्या करारात हिशोब दहा-दहा दिवसांचा आहे. फरक्काला ७० हजार क्युसेक किंवा कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार, उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर गेलं तर भारत ४० हजार घेणार, बाकी खाली. शिवाय ११ मार्च ते १० मे या काळात एका दहा दिवसांत एकाला ३५ हजारांची हमी, पुढच्या दहा दिवसांत दुसऱ्याला. मापही एकट्याच्या हातात नाही. त्या पाच महिन्यांत बांगलादेशचे इंजिनिअर फरक्काला येऊन बसतात आणि आपले बांगलादेशातल्या पद्मेवरच्या (गंगेचं तिकडचं नाव) हार्डिंज पुलापाशी. रोज मोजतात, आकडे जुळवतात, भांडतात, पुन्हा मोजतात. मला या करारातला सगळ्यात शहाणपणाचा भाग हा वाटतो. पेंचवर अशी एकमेकांच्या धरणावर माणसं बसवायची पद्धत असती तर २०१९ मध्ये निम्म्या अफवा उठल्याच नसत्या.

आणि मग येते ती गोची. करारासोबतचा तक्ता १९४९ ते १९८८ या वर्षांच्या सरासरी प्रवाहावर बेतलेला आहे. त्यानंतर वरच्या उत्तर प्रदेश-बिहारात सिंचनाचा उपसा कितीतरी वाढला. मग पाणी ५० हजार क्युसेकच्याही खाली गेलं तर? करार म्हणतो, दोन्ही सरकारांनी ताबडतोब चर्चा करावी. बस्स, एवढंच. १९७७ च्या पाच वर्षांच्या करारात निदान एक तळ आखलेला होता: कितीही कमी पाणी असो, बांगलादेशला ठरलेल्या वाट्याच्या ८० टक्के मिळेलच. १९८२ मध्ये तो काढला आणि १९९६ मध्ये परत आणला नाही. करारानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९९७ च्या मार्चअखेर, खालचा प्रवाह इतका घसरला की तिकडे ओरड झाली. तुम्ही याला परक्यांची वकिली म्हणता. पण तळ आखायचा तो दोघांसाठी. कोलकात्याच्या कालव्यालाही तो हवा आहे. एप्रिलच्या उन्हात ‘ताबडतोब चर्चा’ करून नदीत पाणी येत नाही.

सिंधूबद्दल. तिथे तुमचा राग मला समजतो. १९६० च्या करारात रावी, बियास, सतलज आपल्याला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पाण्याच्या मापाने साधारण २० टक्के आपल्याकडे, ८० तिकडे. वर त्यांच्या बदली कालव्यांसाठी आपण सहा कोटी वीस लाख पौंडांच्या आसपास रक्कम दहा हप्त्यांत दिली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारने करार स्थगित केला, तो निर्णय राजकीय आहे आणि त्यावर माझा वाद नाही. पण ‘स्थगित’ आणि ‘बंद’ यांत फरक करा. चिनाबवरचे सलाल आणि बगलिहार हे प्रवाहावर चालणारे वीजप्रकल्प आहेत, त्यांच्या मागे तोतलाडोहासारखा साठा नाही. पावसाळ्यातली चिनाब तिथे अडवून ठेवायची म्हटली तर काही दिवसांत सांडव्यावरून पाणी जाणार. स्थगितीने हातात आली ती मोकळीक: आकडे न देण्याची, गाळ काढण्याची, नव्या प्रकल्पांवर आक्षेपांची वाट न पाहण्याची. यापुढची मजल मारायला मोठी धरणं लागतात, आणि ती एका भाषणात बांधून होत नाहीत.

राहिली ब्रह्मपुत्रा, जिचा तुम्ही उल्लेखच केला नाही. तिथे वरचा चीन आहे. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता त्या पावसाळ्यात चीनने पुराचे आकडे आपल्याला दिले नाहीत. आकडे देण्याबद्दलचा २००२ पासून वेळोवेळी वाढवलेला समझोता २०२३ मध्ये संपला. जुलै २०२५ मध्ये तिबेटच्या मेदोगला प्रचंड वीजप्रकल्पाचं काम सुरू झालं. तिथे आपण बीजिंगला काय सांगणार? खालच्याचा हक्क असतो, आकडे द्या, कळवल्याशिवाय पाणी सोडू नका, हेच ना? मग ढाक्याने हेच आपल्याला सांगितलं की त्याला आगाऊपणा कसं म्हणायचं?

उत्तर बंगालमधून बांगलादेशात जाणाऱ्या तिस्ता नदीबद्दलचा तुमचा मुद्दा मला पटतो. २०११ मध्ये तिच्या वाटपाचा मसुदा तयार होता, ममता बॅनर्जींनी ऐनवेळी नकार दिला आणि तेव्हापासून तो लटकला आहे. उत्तर बंगालच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय दिल्लीने परस्पर पाणी वाटू नये हे खरं. गंगेच्या नव्या करारात बिहारला बाजूला ठेवलं तर तेच होईल.

शेवटी, मला ढाक्याचं तिकीट काढून द्यायची तयारी दाखवलीत. आभार. काढणारच असाल तर ईश्वरदीपर्यंतचं काढा आणि मार्चअखेरचं काढा. हार्डिंज पूल तिथून जवळच आहे आणि तिथे मोजमाप करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना मला बरेच प्रश्न विचारायचे आहेत.