निळ्या टोपीला शिव्या घालायच्यात? मग हे वाचाच

परवा ग्रुपवर एका काकांनी युनोच्या शांतिसेनेबद्दल, म्हणजे त्या निळ्या टोपीवाल्यांबद्दल, टाकलं, "शांतिसेना म्हणजे फुकट पगार, नुसते बघे." खाली २७ अंगठे. मी दोन ओळी लिहिल्या तर म्हणे "तू गेला होतास का तिथे?" नाही हो काका, तुम्हीच जाऊन आलात ना. असो, ज्यांना असंच एक्स्पर्ट व्हायचंय त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

मॅन्डेट नावाचा कागद (मोहिमेला काय करायची परवानगी आहे ते सांगणारा) चुकूनही वाचू नका. गोळी कधी झाडायची आणि कधी नाही हे कळलं की शिव्या घालायची मजाच जाते.

युनोची स्वतःची फौज असते असं बिनधास्त ठोकून द्या. (नसते. एकूणएक जवान कुठल्या ना कुठल्या देशाने दिलेला.)

रवांडा निघालं की "पळपुटे" म्हणा आणि पुढे सरका. १९९४ च्या जानेवारीत तिथल्या शांतिसेनेचा कमांडर डॅलेर याने न्यूयॉर्कला युनोच्या मुख्यालयात कळवलं होतं की इथे शस्त्रं दडवलीयत, धाड टाकतो, आणि वरून उत्तर आलं की नको, मॅन्डेटात बसत नाही, हे अजिबात सांगू नका. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, बेल्जियमचे १० जवान मारले गेले, बेल्जियमने आपली फौज काढून घेतली, आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय केलं, कुमक पाठवली? छे! अडीच हजारांची फौज २७० वर आणायचा ठराव केला, तोही एकमताने, आणि रवांडाचं सरकार तेव्हा त्याच परिषदेत मेंबर होतं बरं का! १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली आणि शिव्या कुणाला, तर जे मूठभर तिथेच थांबले त्यांना!

बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा? "सुरक्षित क्षेत्र" म्हणून पाटी लावली, राखायला काहीशे डच सैनिक. १९९५ मध्ये तिथेही हजारोंची कत्तल झाली.

मालीत २०२३ ला तिथल्या सरकारनेच चालते व्हा म्हटलं, ते सोयीने विसरा.

आणि हो, हैतीत २०१० ला यांच्या कॅम्पातून कॉलरा पसरला, हजारो मेले, त्याला माफी नाहीच. त्यावर बोला की! पण ते माहीत असायला वाचावं लागतं.

अहो, काहीतरी वाटू द्या. १९४८ पासून ४,००० च्या वर माणसं ही टोपी घालून मेलीयत. सगळ्या मोहिमांचा वर्षाचा खर्च जगाच्या लष्करी खर्चाच्या एक टक्काही नाही, तोही बडे देश वेळेवर भरत नाहीत. जाब विचारायचाय ना, मग सुरक्षा परिषदेतल्या व्हेटोवाल्यांना (कुठलाही ठराव एकट्याने अडवू शकणाऱ्या पाच बड्या देशांना) विचारा, हात तेच बांधतात. तेवढी हिंमत नसेल तर निदान तो मेसेज तरी डिलीट करा, काका.