बाजारात तुरी आणि चाळीस टेराफ्लॉप

आमच्या घरात दोन माणसं वाट बघतात आणि तिसरी, म्हणजे मी, त्या दोघांना गरम पोळ्या वाढते. ह्यांना आठवा वेतन आयोग हवाय, चिरंजीवांना सहावं प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. आयोग अजून अहवालावरच बसलाय आणि ते प्लेस्टेशन अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी दोघांनाही आकडे तोंडपाठ. तेही दशांश चिन्हासकट.

ह्यांची मला सवय आहे. आमचं लग्न २००८चं, सहाव्या आयोगाच्या ऐन हंगामातलं. साखरपुड्याला माझ्या वडिलांनी ‘पगार किती’ असं साधं विचारलं, तर ह्यांनी त्यांना वीस मिनिटं ग्रेड पे समजावून सांगितला. वडील बाहेर येऊन म्हणाले, “मुलगा अभ्यासू आहे, पण पगाराचं काही कळलं नाही.” ते रक्त पोरात उतरणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोहम नववीत आहे. गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, मी चिवड्याचे पोहे भाजत होते आणि हा ओरडत स्वयंपाकघरात आला.

“आई, सर्नीने कन्फर्म केलं!”

“सरनाईकांनी? पार्किंगचं?”

आमच्या वरच्या मजल्यावर सरनाईक राहतात आणि पार्किंगचा प्रश्न दोन वर्षं लोंबकळतोय, त्यामुळे माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण हे होते मार्क सर्नी. प्लेस्टेशनचे आर्किटेक्ट. सोहमने मला व्हिडिओच दाखवला. सर्नी आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे एक साहेब समोरासमोर बसून एकमेकांचं कौतुक करत होते. रेडियन्स कोअर, न्यूरल अ‍ॅरे असं बरंच काही झाल्यावर सर्नींनी सांगितलं, की हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहे, पण येत्या काही वर्षांत पुढच्या कन्सोलमध्ये आणायला आपण उत्सुक आहोत. मला त्यातून एवढंच कळलं की अजून काहीही झालेलं नाही. सोहम मात्र नाचत होता. पोहे करपले.

हे पेपरामागून म्हणाले, “सिम्युलेशनमध्ये म्हणजे तत्त्वतः मंजूर. जीआर निघायचाय.”

त्या दिवसापासून आमच्या जेवणात टेराफ्लॉप आले. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं, आणि तीही अपूर्णांकांची. ‘लाख कोटी’ हा शब्द मी वर्षातून एकदा, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकते आणि तेव्हा तो बहुधा कर्जाला लागलेला असतो. पाचव्या प्लेस्टेशनमध्ये असे १०.२८ टेराफ्लॉप आहेत. सहाव्यात म्हणे तीस असतील. नाही, चाळीस. बुधवारी तीस होते, शनिवारी चाळीस झाले. टोमॅटोचा भावसुद्धा इतका चढत नाही.

“एवढी गणितं करून ते करतं काय?” मी विचारलं.

“गवत हलवतं.”

“काय?”

“गेममध्ये मैदान असतं ना, त्यातलं प्रत्येक पातं वेगळं हलतं. आणि उन्हाची सावली बरोबर पडते.”

गणितात बावन्न गुण मिळवणारा मुलगा हे सांगत होता. आमच्या खिडकीबाहेर गवत आहे, त्याची सावलीही बरोबर पडते, ते बघायला हा आजवर एकदाही उठलेला नाही. सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, “त्यात पत्ते खेळता येतात का?” कुणीही उत्तर दिलं नाही. येतात असं मला नंतर कळलं, पण तेवढ्यासाठी चाळीस लागत नाहीत.

मला हा सगळा मिक्सरचा प्रकार वाटतो. दुकानातला पोरगा सांगतो, मॅडम, हा साडेसातशे वॅटचा घ्या, पाचशेचा जुना झाला. आपण घेतो. घरी आणून शेंगदाण्याची चटणी करतो. चटणी तशीच होते, फक्त शेजाऱ्यांना कळतं की आज चटणी आहे. हे मी सोहमला सांगितल्यावर त्याने फोनवर दोन चित्रं शेजारीशेजारी लावली. एक पाचव्या प्लेस्टेशनचं, एक त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं, बारा टेराफ्लॉपवाल्या एक्सबॉक्सचं. दोन्हीत एकच माणूस एकाच रस्त्यावर एकाच पावसात उभा.

“सारखीच तर आहेत.”

“थांब.” त्याने चारपट मोठं केलं. मग आणखी. शेवटी पडद्यावर फक्त एका दिव्याच्या खांबाची कडा उरली. “आता बघ. इथे दातेरी आहे.”

मी येवल्याला जाऊन पैठणी उलटी करून जर तपासणारी बाई आहे, बारीक बघण्याचं मला वावडं नाही. पण पदर उलटा करून बघायचा म्हटलं तर आधी पदर हातात असावा लागतो. यांच्याकडे ना पाचवं प्लेस्टेशन, ना तो एक्सबॉक्स.

पाचवं का नाही, त्यालाही इतिहास आहे. ते भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आलं, ४९,९९० रुपयांना. आधीच्या नोंदणीत काही मिनिटांत संपलं. त्यानंतर कधीतरी दुपारी बाराला पुन्हा विक्री उघडायची आणि बारा वाजून तीन मिनिटांनी बंद व्हायची. तत्काळ तिकिटाचा सराव असलेली आमची अख्खी सोसायटीही तिथे हरली. सोहम तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, त्याच्यासाठी माझा भाऊ बोटं फोडत बसायचा. ह्यांचं मत वेगळं होतं. “गर्दीत शिरायचं नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाली की उतरते. दोन वर्षं थांबू.” तोवरच्या बहुतेक कन्सोलांच्या बाबतीत ते खरंही होतं. आम्ही थांबलो. नोव्हेंबर २०२२मध्ये त्याच वस्तूची किंमत पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली. ह्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, “आता तर अजिबात नाही.”

मग २०२४मध्ये पाचव्याचंच जास्त ताकदीचं रूप निघालं, १६.७ टेराफ्लॉपचं. तेव्हा ते आपल्याकडे आलंच नाही. त्यातलं वायफाय सहा गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं आणि त्या लहरींना तोवर आपल्या देशात परवानगी नव्हती. सोहम दोन दिवस जेवला नाही. ह्यांना मात्र मुलाबद्दल पहिल्यांदाच खरा जिव्हाळा वाटला. परवानगीअभावी अडकलेली फाईल हा त्यांचा विषय.

मी यात कशी ओढले गेले ते सांगायला लाज वाटते. मी पतसंस्थेत आहे. एका रात्री सोहम विजेच्या बिलाच्या पाठीमागे आकडेमोड करत होता. “हे टेराफ्लॉप काढायचं सूत्र आहे,” तो म्हणाला. चिपमध्ये गणितं करणारे गट ३६, प्रत्येकात ६४ जागा, प्रत्येक जागा एका फेरीत दोन गणितं करते, आणि अशा फेऱ्या सेकंदाला २.२३ अब्ज. त्याचं उत्तर सतरा येत होतं. समोर चुकीचा गुणाकार पडलेला असताना मला झोप लागत नाही. मी पेन घेतलं. छत्तीस चौसष्टे दोन हजार तीनशे चार. दुप्पट केली, चार हजार सहाशे आठ. गुणिले २.२३. आले १०,२७५.८४ अब्ज. म्हणजे १०.२८ टेराफ्लॉप. ताळा जुळला! दिवसअखेर कॅश पहिल्या झटक्यात जुळल्यावर होतो तोच आनंद मला रात्री साडेअकरा वाजता झाला आणि तिथेच मी संपले.

कारण पुढचा प्रश्न मीच विचारला. “मग हे बाहेर पडायच्या आधी लोक किती सांगत होते?”

सोहमचे डोळे चमकले. २०१९ संपता संपता एएमडीच्या चाचण्यांची माहिती गिटहब या प्रोग्रामरांच्या वेबसाइटवर सापडली होती. तीत तेच ३६ गट, पण फेऱ्या दोन अब्ज. म्हणजे ९.२. (मी मनातच करून पाहिलं. बरोबर.) त्यावर एक पक्ष म्हणाला, नऊच. दुसरा म्हणाला, खोटं आहे, तेराच्या खाली येणारच नाही. महिनोन्‌महिने भांडणं. मग १८ मार्च २०२०ला सर्नींनी ऑनलाइन व्याख्यान दिलं. टाळेबंदीच्या तोंडावर जगाला तेल-डाळीची चिंता, आणि हे गृहस्थ हार्डडिस्कऐवजी बसवलेल्या एसएसडीच्या वेगावर बोलतायत. यंत्र दाखवलंच नाही. आकडा सांगितला, १०.२८. नऊवाले म्हणाले, गट छत्तीसच निघाले, आम्ही जिंकलो. तेरावाले म्हणाले, दहाच्या वर गेला, आम्ही जिंकलो. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या संध्याकाळी सगळ्या पक्षांचे सरपंच निवडून येतात, तसं.

“आणि एवढ्या ताकदीचा फायदा कुणाला झाला आजवर?” मी विचारलं. वसुली विभागात काम केलं की असे प्रश्न आपोआप सुचतात. सोहम गप्प. कारण हिशेब त्याच्या विरुद्ध जातो. दुसरं प्लेस्टेशन त्याच्या काळातल्या एक्सबॉक्सपेक्षा दुबळं होतं, ते खपलं सोळा कोटींच्या आसपास. निन्टेन्डो कंपनीचं ‘वी’ नावाचं यंत्र तर तिसऱ्या प्लेस्टेशनपुढे अगदीच किरकोळ, तेही दहा कोटींच्या वर गेलं. १९८९चा, हातात धरून खेळायचा गेम बॉय हिरवट-करडा पडदा घेऊन आला, रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी सहा-सहा सेल खाऊन झोपले आणि हा चार सेलवर चालत राहिला. आमच्या लहानपणी तर एका पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. आत मोजून पंधरा गेम, बाकी तेच तेच, फक्त नंबर वेगळे. चाललं नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. तो फुंकरीचा आकडा कुणी कधी लीक केला नाही.

पण खरी मजा आली ती एका रविवारी. हे जेवताना म्हणाले, “फिटमेंट फॅक्टर २.८६ नक्की झालाय. अठरा हजारांच्या मूळ पगाराचे ५१,४८० होतात.”

सोहमने घास खाली ठेवला. “सोर्स?”

“काय?”

“बातमी कुठून आली?”

“आमच्या ऑफिसातल्या एकाचा मेहुणा मंत्रालयात आहे.”

“म्हणजे इनसायडर. सातव्या आयोगाला त्याने किती सांगितलेला?”

हे जरा घुटमळले. “३.६८.”

“आणि आला किती?”

“२.५७.”

“लो क्रेडिबिलिटी,” सोहम म्हणाला आणि आमटी ओढली.

ह्यांचा चेहरा पडला. पण सरकारी माणूस. दुसऱ्या घासाला उलटतपासणी सुरू. “तुझा तो चाळीस टेराफ्लॉपवाला कोण?” तो एक यूट्यूबवाला. “त्याने यंत्र पाहिलंय?” नाही. “कंपनीत आहे?” नाही. “मग?” त्याला एका माणसाने सांगितलंय, ज्याचं नाव सांगता येत नाही. “मेहुणाच असेल,” हे म्हणाले.

त्यानंतर बापलेकांत जी एकी झाली, ती मी चौदा वर्षांत पाहिली नव्हती. रोज रात्री दोघं बिलाच्या पाठीमागे तक्ते मांडू लागले. एका बाजूला आयोग : १९८६, १९९६, २००६, २०१६. दुसऱ्या बाजूला प्लेस्टेशन : १९९४, २०००, २००६, २०१३, २०२०. सहावा आयोग २००६पासून लागू धरला गेला आणि त्याच साली तिसरं प्लेस्टेशन निघालं, हे सापडल्यावर दोघांनी टाळ्या दिल्या. सासूबाईंनी पंचांग पुढे सरकवलं. योजनाही ठरली : आठव्या आयोगाची थकबाकी येणार, तिच्यातून सहावं प्लेस्टेशन येणार. आयोगाला अठरा महिन्यांची मुदत आहे, पण हे राज्य सरकारात. सातवा केंद्रात २०१६पासून आणि आपल्याकडे बक्षी समिती होऊन पगारात आला जानेवारी २०१९ला. तोवर सोहमला मिशा येतील. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, इथे तुरी पेरायच्याच आहेत आणि भटाने डाळीचे डबेही आणून ठेवलेत.

काल मी एक घोळ घातला. सहज म्हणून आमच्या टीव्हीचा मागचा स्टिकर वाचला. बत्तीस इंची, १३६६ गुणिले ७६८. सवयीने गुणलं : साडेदहा लाख ठिपके. सोहमला म्हटलं, तुझ्या त्या फोर-के चित्राचे किती? ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार. आठातला एक ठिपका दिसणार, सात जाणार कुठे?

घरात शांतता पसरली. चाळीसातले पस्तीस टेराफ्लॉप आमच्या शोकेसच्या मागच्या भिंतीत जिरणार होते.

“बाबा, टीव्ही?” सोहम हळूच म्हणाला.

हे विचारात पडले. चष्मा काढला, पुसला, लावला. “टीव्ही नवव्या आयोगात बघू.”

सोहमने बिल उलटं केलं, तक्त्यात खाली एक ओळ वाढवली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे बघून हसला.

“नववा म्हणजे २०३६. तोवर सातवं आलेलं असणार. मग सहावं कशाला घ्यायचं, आई? थेट सातवंच घेऊ ना.”

“बघ,” हे मला म्हणाले, “पोरगं सुधारलं.”