लस दिलेल्या कुत्र्याचे कागद मागताय, न दिलेल्यांचं काय?

ज्यांनी आपल्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं तारखेवर दिली, त्यांनाच आमच्या शहरात छळ आहे. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्या दारात कुणी फिरकत नाही. आज सगळं लिहून टाकते, कारण डोकं नुसतं तापलंय.

आमची चिंगी गावठी कुत्री आहे. लहान असताना तीन महिन्यांची झाल्यावर पहिली रेबीजची लस, मग बूस्टर, त्यानंतर दर ऑक्टोबरात न चुकता एक. पुस्तिकेत प्रत्येक लसीचं स्टिकर आहे, बॅच नंबर आहे, डॉक्टरांची सही आणि शिक्का आहे. नसबंदी झाली आहे. आणि एवढं असूनही पालिकेकडून तिचा श्वान परवाना निघत नाही.

का निघत नाही ते ऐका. परवान्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. लसीचं वर्ष ऑक्टोबर ते ऑक्टोबर. एप्रिलमध्ये अर्ज केला की खिडकीवर सांगतात, तुमची लस ऑक्टोबरात संपते, परवाना पुढच्या मार्चपर्यंतचा, आम्ही कसा देणार? बरं, मग ऑक्टोबरात लस देऊन त्याच आठवड्यात अर्ज केला, तर परवाना मिळणार 31 मार्चपर्यंतचाच आणि फी पूर्ण वर्षाची! मग करायचं काय माणसाने? मुदत संपायच्या आत सहा महिने आधीच दुसरी लस टोचायची, केवळ कागद जुळावा म्हणून? हे मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मॅडम, सिस्टीम घेत नाही. मग सिस्टीम बदला ना! लस ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून वर्षभराचा परवाना द्यायला कोणाची हरकत आहे? इतकी साधी गोष्ट आहे ही.

ऑनलाइन अर्जात जातीच्या रकान्यात लॅब्रॅडॉर आहे, पग आहे, जर्मन शेफर्ड आहे, ज्या जातीचा एकही कुत्रा या गावात मी पाहिला नाही त्यासुद्धा आहेत. गावठी नाही. देशी नाही. ज्या कुत्र्यांनी हे सगळं शहर भरलंय, ज्यांना लोकांनी घरात घ्यावं म्हणून दत्तक शिबिरं भरतात, ते या यादीत नाहीत. 'इतर' निवडलं की वेगळं पत्र जोडा म्हणून अर्ज परत येतो. पत्र जोडलं तर फोटो अस्पष्ट. फोटो बदलला तर मिळकतकराची पावती जोडा. कुत्रीचा आणि माझ्या घरपट्टीचा संबंध काय? भाड्याने राहणाऱ्याने तर कुत्रा पाळूच नये असंच म्हणायचंय का यांना?

आणि हे सगळं कशासाठी असतं? परवाना हा काही पैसे गोळा करायचा धंदा नाही. कुठल्या घरात कुत्रा आहे, त्याला लस झाली आहे का, तो कुणाला चावला तर मालक कोण, हे चटकन कळावं म्हणून तो आहे. बिल्ला गळ्यात असला की रस्त्यावर सुटलेलं जनावर कुणाचं ते समजतं. रेबीज रोखायचा तर हा हिशोब लागतोच. मला परवान्याचा राग नाही, मला तो हवा आहे! राग याचा आहे की कागद जमवण्याच्या नादात रेबीज कुणाच्या लक्षातच राहिलेला नाही.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यावर औषध नाही. चावा घेतलेल्या जागेतून विषाणू मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकत राहतो, कधी काही आठवडे, बहुतेकदा एक ते तीन महिने, आणि तेवढाच काय तो वेळ आपल्या हातात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 59,000 माणसं याने मरतात, त्यातली साधारण एक तृतीयांश भारतात. माणसाला होणारा रेबीज 99 टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो. संशयित कुत्रा चावलेल्यांत जवळपास 40 टक्के पोरं असतात, 15 वर्षांच्या आतली. लुई पाश्चरने 1885 साली एका पोराला लस टोचून वाचवलं, त्याला 140 वर्षं झाली. एवढ्या काळात आपल्याकडे अजून माणसं पाणी बघून किंचाळत मरतात, आणि आपण अर्जाच्या फोटोचा आकार मोजत बसलोय.

आमच्या गल्लीतलंच सांगते. सामान पोचवायला आलेल्या एका पोराला एका घरातल्या पाळीव कुत्र्याने पोटरीला धरलं. रक्त वाहत होतं. लोकांनी काय करावं? एकाने हळद आणली, दुसऱ्या काकू तिखट म्हणाल्या. मी ओरडून सगळ्यांना बाजूला केलं आणि नळाखाली साबणाने ती जखम धुवायला लावली, चांगली पंधरा मिनिटं. पहिला उपाय तोच असतो आणि तो फुकट असतो, पण शाळेत, रेशन दुकानात, बसथांब्यावर कुठेही हे लिहिलेलं मी पाहिलं नाही. मग त्या मालकांना विचारलं, लस झालीये का? ते म्हणाले, "आमचा घरातच असतो हो, त्याला कशाला रेबीज होतोय?" घरात असतो तो गेटबाहेर येऊन चावला ना! पुस्तिका नाही, परवाना नाही, बिल्ला नाही. वर म्हणे पोरानेच घाबरून पाय हलवला.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन मिळालं, पण रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर सिरमही, म्हणजे विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं, आणि सिरम तिथे नव्हतं. मोठ्या रुग्णालयात जा म्हणाले. तो पोरगा त्या दिवसाची कमाई सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. पुढचे डोस ठरलेल्या दिवशी घ्यायचे म्हणजे परत रजा, परत रांग. चावणाऱ्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. हे बघायला कोण आलं? कुणीही नाही. मी स्वतः तक्रार नोंदवली, टोकन नंबर आला आणि काही दिवसांनी 'निकाली' असा मेसेज. काय निकाली काढलं? कुत्रा अजून तिथेच आहे, लस अजून नाही.

आणि चिंगीच्या परवान्याबद्दल मात्र मला नोटीस! माझा अर्ज यांच्याकडेच पडून आहे, तो मंजूर नाही म्हणून मीच विनापरवाना. माझं नाव यांच्याकडे आहे कारण मी स्वतःहून अर्ज केला. ज्याने कधी तोंडच दाखवलं नाही त्याचं नाव यांच्या यादीत येणारच नाही, म्हणजे त्याला नोटीसही नाही. असा नियम लोकांना काय शिकवतो? अर्ज करू नका, गप्प बसा, त्रास होणार नाही. आमच्या इमारतीत एका शेजाऱ्यांनी हेच केलंय आणि मला वेड्यात काढतात.

सोसायटीवाले वेगळेच. परवाना नाही म्हणून चिंगीला लिफ्टमधून नेऊ नका असा ठराव करून मोकळे झाले. भारतीय पशू कल्याण मंडळाने 2015 सालीच स्पष्ट सांगितलंय की लसवंत पाळीव जनावरावर सोसायटीने बंदी घालू नये, लिफ्टला मनाई करू नये. मी ती प्रत काढून सेक्रेटरींच्या हातात दिली. सातव्या मजल्यावर राहतो आम्ही, माझ्या सासूबाई तिला फिरवतात, त्यांचे गुडघे गेलेत. पण यांना परवाना हवा तो लसीसाठी नाही, हाकलायला निमित्त हवं म्हणून.

भटक्यांचं तर बोलायलाच नको. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 ला तेच सांगितलं, की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे परत त्यांच्या भागात सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक वगळून. आमच्या भागात नसबंदी झाल्याची कानाला खूण केलेले कुत्रे हातावर मोजण्याइतके. ज्यांच्या कानाला खूण आहे त्यांना एकदा लस मिळाली, पुढच्या वर्षी कोण देणार? नसबंदी एकदाच करायची असते, रेबीजची लस परत परत द्यावी लागते. साध्या पोरांनाही कळेल हे. साथ तुटायला एखाद्या भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना लस लागते, असं जगभर मानलं जातं. आमच्या वॉर्डात किती टक्के झाली? कुत्रे किती आहेत हेच मोजलेलं नाही तर टक्के कुठून काढणार?

आणि हे जमत नाही असं मला कुणी सांगू नये. शेजारी गोवा आहे. तिथल्या सरकारने आणि मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी जाळी घेऊन गल्लीबोळ पालथे घातले, पाळीव असो की भटका, दरवर्षी जवळपास लाखभर कुत्र्यांना टोचलं, मोबाइलवर नोंद ठेवली, शाळांतून पोरांना शिकवलं, संशयित कुत्र्यासाठी फोन नंबर दिला. आधी माणसं मरत होती, मग सलग तीन वर्षं एकही मेला नाही, आणि 2021 साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यांनी काय कुत्र्यांकडून घरपट्टीच्या पावत्या मागितल्या होत्या का?

देशाचा कृती आराखडा म्हणतो 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा. मग दर रविवारी एका वॉर्डात टेबल टाका. ज्याचा कुत्रा आहे त्याने तो घेऊन यावं, तिथेच लस, तिथेच नोंद, तिथेच बिल्ला, लसीच्या तारखेपासून एक वर्ष. गावठी असेल तर गावठी लिहा. न आणणाऱ्याच्या घरी जा, त्याला दंड करा, मी तुमच्याबरोबर दारोदार यायला तयार आहे. चावलेल्यासाठी प्रत्येक दवाखान्यात सिरम ठेवा. त्या पोटरीवाल्या पोराचे सगळे डोस पूर्ण झाले का, हे विचारायला एक माणूस पाठवा. आणि मला आलेली नोटीस आधी परत घ्या.