न्याय देवावर सोडा, फक्त शिक्षा आपण सुचवून ठेवा

मंडळी, एखाद्याला माफ करायचं मनात नाही आणि भांडायला अंगात जोर पण उरला नाही, अशा वेळी सगळ्यात बेस्ट उपाय म्हणजे न्याय देवावर सोडणे. "जाऊ दे, वर बसलाय तो, बघून घेईल" एवढं म्हणायचं, एक उसासा टाकायचा आणि चहाचा कप उचलायचा. वकील लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, वर चारचौघांत आपण मोठ्या मनाचे दिसतो ते वेगळंच.

पण सोडायचं म्हणजे अगदीच सोडून द्यायचं नाही हां, नवीन लोक इथेच चुकतात. देवाचा पसारा केवढा, त्यात आपल्या बी विंगचं प्रकरण त्याच्या कसं लक्षात राहणार, म्हणून फॉलोअप आपणच ठेवायचा. आमच्या वरच्यांनी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तेव्हापासून आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय, पापुद्रे पडतात उशीवर, तीनदा सांगून झालं, शेवटी मी देवावर सोडलं. चार महिन्यांनी त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीला रिक्षा घासून गेली. मी गॅलरीतूनच बायकोला हाक मारली, बघ गं, देवाच्या काठीला आवाज नसतो! पुढच्याच आठवड्यात माझी स्कूटर घसरली आणि गुडघा फुटला, तो मात्र रस्त्यावरच्या वाळूमुळे. हा फरक नीट पाठ करून ठेवा, दुसऱ्याचं झालं की कर्माचं फळ आणि आपलं झालं की वाळू, फार तर कुणाची तरी नजर. अगदीच मोठं काही झालं तर चांगल्या माणसांचीच देव परीक्षा बघतो.

आता आपण स्वतः वर गेल्यावर काय, तर त्याची तयारी आधीपासून करायची नसते. आपल्याकडे पद्धतच तशी आहे. गरुडपुराणात सगळं दिलंय, कुठल्या पापाला कुठला नरक, वाट कशी, पण ते पुस्तक घरात कोणी गेल्याशिवाय उघडायचं नाही, कित्येक घरांत तर ते एरवी ठेवत पण नाहीत. म्हणजे सिलॅबस वाचायचा पेपर झाल्यावर, ज्याने पेपर दिला त्याच्या नावाने, आणि ऐकायला कोण तर बाकीचे आपण, मोबाईल सायलेंटवर टाकून, मांडी बदलत.

मी मात्र एकदा लक्ष देऊन ऐकलं आणि ती चूक झाली. यमाचं गाव म्हणे ८६,००० योजनं लांब, जीवाने दिवसाला २४७ योजनं चालायचं, भागाकार करून बघा, जवळजवळ वर्ष जातं. वाटेत वैतरणी लागते, रक्ता-पुवाची नदी, ती ओलांडायची गाईचं शेपूट धरून, म्हणून गोदान. आता फ्लॅटमध्ये गाय कुठून आणणार, तर गुरुजी निष्क्रय, म्हणजे गाईच्या बदल्यात पैसे घेतात, पाकिटात. सोयीचं आहे, तक्रार नाही, फक्त ऐन नदीत त्या पाकिटाचं शेपूट नेमकं कुठून धरायचं एवढं एकदा विचारून ठेवा.

आणि चित्रगुप्ताला सगळं कळतं कसं याचं उत्तर पण तिथेच आहे. ब्रह्मदेवाचे मुलगे आहेत, श्रवण नावाचे, ते तिन्ही लोकांत हिंडतात, लांबचं ऐकतात, लांबचं बघतात आणि जाऊन रिपोर्ट देतात. त्यांच्या बायका श्रवणी, त्यांच्याकडे लेडीज सेक्शन. हे ऐकलं आणि तळमजल्यावरच्या आमच्या काकू डोळ्यासमोर उभ्या राहिल्या, कुरिअरवाला कुणाकडे किती वेळ थांबला हे ज्यांना मिनिटात ठाऊक असतं! आजवर मी त्यांना उगाच भोचक म्हणत होतो, त्या ड्युटीवर होत्या. साक्षीदारांची यादी वेगळीच, सूर्य, चंद्र, अग्नी, वारा, आकाश, जमीन, पाणी, दिवस, रात्र, सकाळ-संध्याकाळच्या दोन्ही संध्या, आणि मधेच हळूच एक नाव घातलंय, हृदय. बाकीच्यांना मॅनेज करता येईल एक वेळ, दिवे घालवता येतात, खिडकी लावता येते. हे हृदय यादीत कोणी घातलं देव जाणे, घरचाच माणूस फितूर.

घाबरू नका, पळवाटा आहेत. अजामिळाने जन्मभर नको ते सगळं केलं आणि मरताना घाबरून धाकट्या पोराला हाक मारली, पोराचं नाव नारायण, झालं, विष्णूचे दूत हजर आणि यमदूत रिकाम्या हाताने परत. यातला धडा एवढाच की पोरांची नावं जपून ठेवा. आता तुम्ही ठेवलंय कियान. शेवटच्या क्षणी कियान कियान केलंत तर कियानच येणार, तो पण आला तर, हेडफोन काढून.

अपीलही करता येतं बरं का. महाभारतात मांडव्य ऋषी आहेत, मौन धरून झाडाखाली उभे, चोर येऊन त्यांच्या आश्रमात माल लपवतात आणि स्वतःही लपतात, राजाची माणसं चोरांबरोबर या बिचाऱ्यालाही धरून सुळावर चढवतात. ते मरत नाहीत, राजा येऊन पाया पडतो, सूळ निघत नाही म्हणून कापतात आणि टोक आतच राहतं, तेव्हापासून नाव अणीमांडव्य. मग ते थेट धर्मराजाकडे, म्हणजे यमाकडे जातात, बाबा रे, कुठल्या पापाची शिक्षा ही? धर्म म्हणतो, लहानपणी किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यात ना. ऋषींचं डोकंच फिरलं, एवढ्याशा गुन्ह्याला एवढी शिक्षा, जा, तू शूद्राच्या पोटी जन्म घेशील, आणि धर्माला विदुर होऊन खाली यावं लागलं. वर नियमच बदलून घेतला, चौदा वर्षांच्या आतलं पाप धरायचं नाही. मला या गोष्टीत नेहमी दोन्ही पार्ट्यांची मजा वाटते. न्यायाधीशाला एक शिक्षा जास्त झाली म्हणून जन्म भोगायला लावला, आणि आपण इकडे वरच्या मजल्यावरच्याला ओलीबद्दल रौरव नरकाच्या खाली बोलायला तयार नाही.

चौदाच्या नंतरचं काय ते मला विचारू नका. म्हणजे विचारलंत तर सांगतो, आता विषय निघालाच आहे तर.

गेल्या वर्षी काकांचा दहावा होता. नदीच्या घाटावर, कडक ऊन, पत्रावळीवर पिंड मांडलेला, आणि पिंपळावर कावळे बसलेत पण एक खाली उतरेल तर शपथ. मान वाकडी करून बघतायत नुसते. कोणी म्हणालं बालुशाही ठेवा, काकांना आवडायची, ठेवली. चहाचा कप ठेवला. तपकिरीची डबी उघडून ठेवली. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, नाना, शेताची वाटणी अगदी नीट करू, काळजी करू नका. कावळा ढिम्म. पाऊण वाजला तसे गुरुजी पिशवीतून दर्भ काढायला लागले, दर्भाचा कावळा करून उरकू म्हणाले, आणि सहज विचारलं, कुणाचं काही राहिलंय का?

माझं राहिलं होतं. १८,००० रुपये, स्कूटरच्या डाउनपेमेंटला घेतलेले, हीच ती वाळूवर घसरलेली. काकांनी कधी मागितले नाहीत आणि त्याचा अर्थ मी माफ केले असा घेतला, हा पण एक मार्ग लक्षात ठेवा, समोरच्याने मागितलं नाही की माफ. मी पुढे होऊन पुटपुटलो, काका, काकूला देतो, दिवाळीपर्यंत. एक कावळा उडाला, खाली आला आणि बाजूच्या मंडळींच्या पिंडाला शिवून गेला. त्यांच्याकडे केवढा आनंद! मी अजून हळू आवाजात म्हटलं, बरं, व्याजासकट.

शिवला. चुलतभाऊ डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, बघा, शेताचा शब्द दिला म्हणून. मी म्हटलं, हो ना, त्यांचा जीव शेतातच होता.

दिवाळी झाली. भाऊबीजेला काकूकडे गेलो, त्या दिवशी खुद्द यम पण बहिणीकडे जेवायला असतो, ऑफिस बंद, म्हणून म्हटलं आज धोका नाही. फराळ झाला. पैशाचा विषय तिने काढला नाही आणि आपण होऊन काढायचा तर सणासुदीला बरं दिसत नाही, म्हणून मी ओलीचं सांगत बसलो, कशी माणसं असतात बघ काकू, दुसऱ्याचं नुकसान करतात आणि त्यांना काहीच वाटत नाही, जिना उतरताना हसतात पण वर. काकू सगळं ऐकत चकल्या डब्यात भरत होती. डबा हातात देताना म्हणाली, "जाऊ दे रे, वर बसलाय तो, सगळं बघतो."

ती वरच्या मजल्यावरच्यांबद्दलच बोलत होती असं मी धरून चाललोय. चकल्या मस्त झाल्या होत्या, डबा परत द्यायचा राहिलाय.