वॉरफरिन घेणाऱ्यांचं काय?

‘ग्रीन्स पावडर वनस्पतींपासूनच बनते, त्यामुळे ती कोणीही बिनधास्त घ्यावी’ हे ग्रीन्स पावडरवरच्या (म्हणजे वाळवलेल्या पालेभाज्या वगैरेंच्या पुडीवरच्या) तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. माझ्या आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, ती रोज वॉरफरिन घेते. हे औषध व्हिटॅमिन के चं काम अडवून रक्तात गुठळ्या होऊ देत नाही. आणि पालक, केल वगैरेंच्या पावडरीत नेमकं तेच व्हिटॅमिन भरपूर असू शकतं. कुणीतरी प्रेमाने दिलेला डबा तिने सुरू केला आणि पुढच्या तपासणीत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली आला, म्हणजे औषधाचा परिणाम कमी झाला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘खाण्यात नवीन काय?’ अशा रुग्णांनी पालेभाजी सोडायची नसते बरं का, फक्त प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं असतं. पावडरीत तेच कळत नाही. कित्येक डब्यांवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून दहा-वीस नावं एकाच वजनाखाली कोंबलेली असतात, कशात काय किती ते ओळखा!

बाकी, पावडर म्हणजे ‘भाजीला पर्याय’ हे लेखातलं म्हणणंही पटलं नाही. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम फायबर लागतं आणि एका मापातून बहुधा दोन-तीन ग्रॅमच मिळतं. धडधाकट माणसाने हौसेने घ्यावी, माझी हरकत नाही. शिसं, कॅडमियमसाठी स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासलेली असली म्हणजे झालं. पण लेखात वॉरफरिनबद्दल एक ओळ तरी टाका.