‘कर्ज काढून घराला रंग’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सरकार बागा, चौक, फुटपाथ, रस्त्यावरचे दिवे यांच्यावर परत पैसे घालायला लागलं की अर्थव्यवस्था सावरतेय याची ती एक खूण धरावी. त्यावर तुम्ही लिहिलंत, "कर्ज काढून घराला रंग दिला म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. मंदीतच सरकारं जास्त खर्च करतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. लिहिण्याआधी थोडं वाचत जा." पुढे ठेकेदार, टक्केवारी, निवडणुका, जीडीपी वगैरे बरंच काही आहे.

आधी ते "वाचत जा" बद्दल. मुद्दा चुकीचा वाटला तर चुकीचा म्हणा ना, त्यासाठी समोरच्याची अक्कल काढायची काय गरज आहे? मी इथे इतकी वर्षं लिहितेय, कोणाला असं बोललेले नाही. स्वतःचं नाव न देता लिहायचं आणि वर शाळकरी पोराचा दाखला द्यायचा, हे मला पटत नाही आणि ते मी बोलून दाखवणारच. निवडणूक जवळ आली की फरश्या बदलायची कामं निघतात हे तुमचं म्हणणं मात्र मान्य, अशा कामांना मीही खूण म्हणणार नाही.

आता ते रंगाचं वाक्य. मंदीत सरकार खर्च करतं, बरोबर, पण कुठलं सरकार? केंद्र सरकार तूट वाढवून खर्च करू शकतं. अमेरिकेत १९३५ ते १९४३ मध्ये डब्ल्यूपीए या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेने साधारण ८५ लाख लोकांना काम दिलं, १९३६ च्या एका उन्हाळ्यात एकट्या न्यूयॉर्कमध्ये ११ मोठे जलतरण तलाव उघडले, ते सगळं मंदीतलंच. हे औषध होतं, बरं झाल्याची खूण नव्हे, आणि मी त्याबद्दल लिहिलंच नव्हतं! स्पेनने २००९ मध्ये स्थानिक संस्थांना ८०० कोटी युरो दिले, चौक नि पदपथ नवे झाले, आणि पुढच्या वर्षी बेकारी २० टक्क्यांच्या वर गेली. हे उदाहरण तुम्ही दिलं असतंत तर मला जास्त आवडलं असतं, तुम्ही नुसता टोमणा मारलात.

मी बोलत होते ते शहराच्या स्वतःच्या खिशातून होणाऱ्या देखभालीबद्दल. शहराला नोटा छापता येत नाहीत, कर आला तर खर्च. कर आटला की आधी कात्री लागते ती देखभालीला, कारण पगार थांबवता येत नाहीत, कर्जाचे हप्ते थांबवता येत नाहीत, आणि बाकाची फळी वर्षभर मोडकी राहिली तर कोणी कोर्टात जात नाही. ब्रिटनमध्ये २०१० नंतर हेच झालं, तिथे बागा सांभाळणं स्थानिक संस्थांवर कायद्याने बंधनकारक नाही, मग बागांचं बजेट आधी कापलं गेलं.

आणि हे मी वाचूनच सांगतेय असंही नाही. मी एका स्थानिक संस्थेच्या लेखा विभागात नोकरी केली आहे. वसुली घसरली की सुधारित अंदाजपत्रकात बागांसाठी ठेवलेली रक्कम दुसरीकडे वळवायची, हे काम माझ्याच टेबलावर व्हायचं. बंद दिव्यांच्या तक्रारींचं रजिस्टर भरत जायचं आणि शेवटच्या रकान्यात एकच शेरा, "तरतूद शिल्लक नाही". गवत कापायच्या मशीनच्या पात्यांची फाईल खाली-वर फिरत राहायची, तोवर गवत गुडघ्याएवढं. मग एखाद्या वर्षी ती पाती मुकाट्याने मंजूर व्हायची, कुठे बातमी नाही की उद्घाटन नाही, आणि त्या वेळी वसुलीचा तक्ता बघितला की तो सुधारलेला असायचा. तुम्ही असा तक्ता कधी हातात धरलाय का? नसेल तर मला काय माहीत असावं आणि काय नसावं हे ठरवू नका.

राहिलं कर्ज. अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर बघा. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा रस्त्यावरचे जवळपास ४० टक्के दिवे बंद होते. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं, २०१६ च्या अखेरीस ६५ हजार नवे एलईडी दिवे लावून झाले होते. पैसा? रोखे काढून, साडेअठरा कोटी डॉलर, म्हणजे तुमच्या भाषेत कर्ज काढून रंगच. पण ते रोखे फिटणार होते वीज-गॅसच्या वापरावरच्या कराच्या उत्पन्नातून, आणि त्या उत्पन्नावर भरवसा बसला म्हणूनच लोकांनी पैसे दिले. बुडत्या घराला रंगासाठी उधार देतं कोण? ते मिळायला लागणं हाच तर माझा मुद्दा होता आणि तुमच्या वाक्यात त्याला जागाच नाही.

टक्केवारी नि ठेकेदारांबद्दल तुमचा राग समजतो, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर इथे लिहीत बसत नाही. जीडीपीचे आकडे तिमाही संपल्यावर कित्येक आठवड्यांनी येतात आणि नंतर बदलतात, दिवा लागला की नाही हे त्याच रात्री दिसतं, त्याबद्दल इतकंच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पुन्हा लिहिणार असाल तर मला असं एक शहर दाखवा, ज्याची करवसुली कोसळत होती आणि तरी त्याने वरून मदत न घेता, स्वतःच्या पैशाने दिवे, बाकं आणि बागा दोन-तीन वर्षं नीट ठेवल्या. उदाहरण दिलंत तर मी नक्की वाचेन, फक्त या वेळी सूर जरा बरा ठेवा.