मागच्या दाराचे कुलूप

परवा रविवारी पुतणीचे साक्षगंध दक्षिण नागपुरातल्या एका समाजभवनात झाले. वरच्या मजल्यावर साडेतीनशे पाहुणे, चहूबाजूंनी झुळझुळीत पडदे, एकाच बोर्डावर चार कूलर, खाली जिन्याच्या तोंडाशी आचाऱ्याच्या भट्ट्या आणि सिलिंडर, आणि या सगळ्या गर्दीला उतरायला तो एकच जिना. मागच्या बाजूला ‘आपत्कालीन मार्ग’ अशी पाटी असलेले दार आहे, पण त्याला साखळी घालून कुलूप लावलेले होते आणि समोर गाद्यांची व खुर्च्यांची थप्पी माणसाच्या उंचीएवढी रचली होती.

व्यवस्थापकाला किल्ली मागितली, तर ती सचिवांकडे. सचिवांना फोन लावला, तर ते म्हणाले, “भाऊ, ते दार उघडं ठेवलं की बाहेरचे लोक जेवायला शिरतात, खुर्च्या चोरीला जातात. इतक्या वर्षांत इथे काही झालं नाही. आज शुभ दिवस आहे, कशाला अभद्र बोलता?” त्यानंतर त्यांनी फोन ठेवून दिला. व्याह्यांच्या देखत माझा आवाज चढला, घरच्यांनी मला बाजूला ओढले, आणि त्याची मला अजूनही खंत वाटत नाही. शंभर रुपयांच्या खुर्चीसाठी ज्यांनी माझ्या आईचा, त्या मुलीचा आणि पाळण्यात निजलेल्या दोन तान्ह्या लेकरांचा बाहेर पडण्याचा रस्ता साखळीने बांधला, त्यांनी मला अभद्र म्हणावे! अभद्र ती साखळी आहे.

हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ रोजी अशाच एका मंगल कार्यालयात शाळेचा कार्यक्रम चालू असताना मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मोठ्या संख्येने मुले होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ सालच्या आगीत ५९ जण मेले ते मुख्यतः धुराने गुदमरून, कारण जादा खुर्च्यांनी वाट अडवलेली होती. आणि भंडारा तर आपल्या शेजारचेच. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे गेली, तेव्हा भवनाच्या समितीतले हेच लोक चौकात मेणबत्त्या घेऊन उभे होते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ही जबाबदारी स्पष्टपणे मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असे दोनदा, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावे लागते. भवनाचे भाडे समिती घेते, म्हणजे हे कामही समितीचेच आहे. ते आचाऱ्याचे नाही, मंडपवाल्याचे नाही आणि पाहुण्यांचे तर मुळीच नाही. मी प्रमाणपत्र मागितले तेव्हा व्यवस्थापकाने मला भाड्याचे दरपत्रक दाखवले. स्टेजमागे जे एकमेव अग्निशामक सिलिंडर सापडले, त्याचा काटा लाल पट्ट्यात होता, चिठ्ठीवर २०१९ सालची तारीख होती आणि त्याच्या नळीला कोणीतरी झेंडूच्या माळा अडकवल्या होत्या. त्याची पिन कशी ओढायची हे तिथल्या चौकीदाराला कोणी कधी शिकवलेले नाही.

याच समितीने मागे माझ्या मुलाच्या मुंजीत भिंतीला चिकटपट्टी लागली म्हणून अनामत रकमेतून दोन हजार कापले होते. भिंतीच्या रंगाची त्यांना एवढी काळजी आहे. प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटीवर पदाधिकाऱ्यांची नावे सोनेरी अक्षरांत कोरली आहेत, पण आग लागली तर कोणाला हाक मारायची, किल्ली कोणाकडे, १०१ ला फोन कोण करणार, याचा एक कागदसुद्धा त्या भिंतीवर नाही. कार्यक्रम चालू असेपर्यंत दार आतून नुसते ढकलून उघडले पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. चोरीची भीती असेल तर दारापाशी माणूस बसवावा. साडेतीनशे माणसांच्या भाड्यात एका माणसाचा दिवसाचा पगार सहज निघतो.

काल लेखी तक्रार घेऊन पुन्हा तिथे गेलो. पोच मिळाली नाही. टेबलावर नोंदवही उघडी होती आणि येत्या रविवारच्या पानावर एका घरचे बारसे लिहिलेले होते. मागे जाऊन पाहिले. कुलूप जागच्या जागी होते.